बलुतं, बक्षीस, मानधन : मजुरीची चोरी आधी नावातून होते

जयंतीनंतरच्या एका रविवारी आम्ही वस्तीतल्या विहारात वर्गणीचा हिशेब करीत बसलो होतो. एका ताईंची वर्गणी राहिली होती. त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात देते, सुपरवायझरनं अजून कार्ड परत दिलं नाही." कसलं कार्ड, असं विचारल्यावर कळलं की एटीएमचं. ताई एका रुग्णालयात कंत्राटदारामार्फत सफाईचं काम करतात. पगार त्यांच्या खात्यात पूर्ण जमा होतो. कार्ड मात्र सुपरवायझरकडे असतं. तो 'आपला वाटा' काढून घेतो आणि उरलेले पैसे ताईंच्या हातावर ठेवतो. कागदावर किमान वेतन चोख आणि हातात त्याच्या दोनतृतीयांश. आम्ही चिडलो तेव्हा ताईच आमची समजूत घालू लागल्या : "साहेबांनी काम लावून दिलं. त्याचं काहीतरी द्यावंच लागतं ना!"

तिथेच बसलेला एक पदवीधर तरुण सिक्युरिटी गार्ड आहे. तो बारा तास उभा राहतो आणि त्याला आठ तासांचे पैसे मिळतात. दुसरा एका कार्यालयात संगणकावर बसतो. त्याला आम्ही किमान वेतनाचं विचारलं तर तो म्हणाला, "दादा, मला पगार नाही, मानधन आहे."

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट नीट कळली. आपल्या माणसाची मजुरी चोरायची असेल तर तिला आधी मजुरी म्हणायचं नाही. तिला वाटा म्हणायचा, बक्षीस म्हणायचं, मानधन म्हणायचं. नाव बदललं की चोरी ही चोरी राहत नाही, उपकार होते. ही युक्ती नवी नाही. तिचा इतिहास आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर लिहिलेला आहे, आणि तिच्याविरुद्धच्या लढ्याचा इतिहास बाबासाहेबांच्या हातचा आहे. किमान वेतन हा फक्त लाल झेंड्याचा विषय आहे असं समजून आपण तो बाजूला ठेवला. ही आपली मोठी चूक आहे असं आमचं म्हणणं आहे.

हक्क म्हणायचे आणि भीक वाढायची

गावगाड्यात महाराच्या कामाला वेतन नव्हतं, 'वतन' होतं. सरकारी टपाल पोचवणं, सारा वसुलीच्या वेळी धावपळ करणं, अधिकाऱ्याचं सामान वाहणं, मेलेलं जनावर ओढणं, मर्तिकाचा सांगावा परगावी नेणं, वेशीवर पहारा देणं ही सगळी कामं त्याची. कामाचे तास ठरलेले नव्हते. घरचा कर्ता माणूस बाहेरगावी असेल तर घरातल्या दुसऱ्याने हजर व्हायचं. म्हणजे एका माणसाच्या नावावर अख्खं घर राबायचं.

मोबदला काय? थोडी हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि गावाकडून सुगीला मिळणारं बलुतं. त्याशिवाय येसकराने पाळीच्या दिवशी दारोदार फिरून मागितलेली भाकर. या सगळ्याला गाव 'महाराचे हक्क' म्हणत असे. बावन्न हक्कांची गोष्ट आजही अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. पण हक्क असेल तर तो दारात उभं राहून, कंबरेत वाकून का मागावा लागायचा? शेतकऱ्याच्या मनात आलं तर पेंढी मिळायची, नाही आलं तर नाही. काम सक्तीचं आणि मोबदला मर्जीचा, हेच वतनाचं खरं स्वरूप.

बाबासाहेबांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत करावं आणि ती रक्कम सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी, ही त्यातली एक मुख्य तरतूद होती. ज्याला वतनाच्या कामातून मोकळं व्हायचं आहे त्याला होता यावं, हीही. वरवर पाहता हा हिशेबाचा मामला वाटतो. पण विचार करा, बलुतं रोखीत आलं की महाराला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कायदा उभा राहतो. म्हणूनच या विधेयकाला विरोध झाला आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. तो यायला तीस वर्षं लागली, आणि तो आला तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

गिरणीत आली तरी जात मजुरीत राहिली

गाव सोडून आपली माणसं मुंबईच्या गिरण्यांत आली. तिथे रोख पगार होता. मग प्रश्न मिटला का? नाही. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण ते खातं अस्पृश्यांना बंद होतं. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे इतरांना विटाळ होतो! जातीचा विटाळ असा थेट पगाराच्या आकड्यात उतरला होता.

१९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. संपाच्या मागण्यांची यादी लांबलचक होती, पण विणकाम खातं अस्पृश्यांना खुलं करा ही मागणी तीत नव्हती. ती मागणी घेतल्याशिवाय आमच्या लोकांनी संपात का राहावं, असा सवाल बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना केला. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. जो मजूर स्वतःच्या शेजारच्या मजुराची मजुरी जातीने कापतो तो मालकाशी काय लढणार, हा बाबासाहेबांचा मुद्दा आजही शिळा झालेला नाही.

पण त्यातून त्यांनी कामगार चळवळच नको असा निष्कर्ष काढला नाही, हे आपल्यातल्या काहींनी लक्षात घेतलं पाहिजे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव 'मजूर' पक्ष. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. समोर बसलेले बहुतेक लोक गँगमन होते, वर्षानुवर्षं गँगमनच राहिलेले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले. दहा वर्षांपूर्वीचं भांडण ते विसरले नव्हते. पण मजुराचा संपाचा हक्क जात असताना घरी बसणं त्यांना मान्य नव्हतं.

११ एप्रिल १९४६

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या काळात स्थिरावली. किमान वेतन कायद्याने ठरवण्याची चर्चा त्याच बैठकांमधून पुढे गेली. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. आणि ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतन विधेयक मांडलं गेलं. ११ एप्रिल म्हणजे महात्मा फुले यांचा जन्मदिवस. तारीख योगायोगाची असेल, नातं योगायोगाचं नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांच्याच सत्यशोधक परंपरेतले.

पुढे दोनच महिन्यांत कार्यकारी मंडळ बदललं आणि बाबासाहेब त्या खात्यातून बाहेर पडले. कायदा मंजूर झाला १९४८ साली, जगजीवनराम मजूरमंत्री असताना. १५ मार्च १९४८ पासून तो अमलात आला.

या कायद्याला जोडलेली मूळ अनुसूची एकदा डोळ्यांखालून घाला. विडी आणि तंबाखू. दगड फोडणं. रस्ते आणि इमारतींचं बांधकाम. कातडी कमावणं आणि चामड्याच्या वस्तू. अभ्रक. लाख. डाळ आणि भाताच्या गिरण्या. तेलाच्या गिरण्या. मळे. नगरपालिका आणि लोकल बोर्डांची नोकरी. दुसऱ्या भागात फक्त एकच नाव, शेती.

ही यादी कोणाची आहे? जिथे संघटना नव्हती, जिथे मालकाशी घासाघीस करायची ताकद नव्हती, अशा धंद्यांची. आणि या देशात ती ताकद कोणाकडे नव्हती हे जातीने आधीच ठरवून ठेवलं होतं. नगरपालिकेचा झाडू कोणाच्या हातात होता? कातडं कोण कमावत होतं? खडी कोण फोडत होतं? कायद्यात जातीचा एक शब्द नाही, पण अनुसूची वाचली की महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा एकेक घर करून समोर येतो. ज्यांना कधी भाव ठरवता आला नाही त्यांच्या श्रमाचा किमान भाव राज्याने ठरवावा आणि त्याखाली कोणी जाऊ नये, हा या कायद्याचा गाभा. मर्जीच्या जागी आकडा. १९२८ च्या विधेयकातली रोखीची मागणी आणि १९४६ चं हे विधेयक यांच्यामध्ये एक सरळ रेघ आहे.

या कायद्यात आणखी एक कलम होतं, पंचविसावं. कामगाराने स्वतः सही करून 'मी कमी पगारावर राजी आहे' असं लिहून दिलं, तरी तो करार रद्दबातल. उपाशी माणसाची संमती ही संमती नसते, हे त्या कलमाने मान्य केलं. ताईंचं "द्यावंच लागतं ना" हे वाक्य आठवा. कायद्याने त्याचं उत्तर १९४८ सालीच देऊन ठेवलं होतं.

कमी मजुरी म्हणजे वेठ

संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता गेली हे आपल्याला पाठ असतं. अनुच्छेद २३ तितका पाठ नसतो. त्याने वेठ आणि सक्तीची मजुरी बंद केली. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत स्टेडियमं आणि पूल बांधले जात होते. तिथल्या मजुरांचं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होतं. त्यातला एक रुपया मजूर आणणारे जमादार स्वतःच्या खिशात टाकीत. बायकांच्या हातात तर ७ रुपयेच पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने सांगितलं की सक्ती म्हणजे केवळ दंडुका नव्हे, भूक आणि दारिद्र्य हीदेखील सक्तीच. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे अनुच्छेद २३ चा भंग.

दुसऱ्याच वर्षी संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. दुष्काळी काम काढून आम्ही लोकांना मदतच करतोय, असं सरकार म्हणत होतं. मदत म्हणून काम दिलं तरी पूर्ण किमान वेतन द्यावंच लागेल, असा निकाल आला. 'साहेबांनी काम लावून दिलं' या उपकाराच्या भाषेला न्यायालयाने दिलेलं हे उत्तर आहे.

राहिला मालकाचा नेहमीचा युक्तिवाद, 'परवडत नाही'. तोही केव्हाच निकालात निघाला आहे. किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच केरळच्या उनिचोयी खटल्यात सांगितलं. आणि हे 'किमान' कशावर ठरतं? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने निकष दिले : कुटुंबात तीन माणसांचं खाणं धरायचं, दर प्रौढ माणसामागे २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चापोटी एकूण वेतनाच्या वीस टक्के. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरा, हे न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात जोडलं. म्हणजे किमान वेतन ही चैन नाही. त्याखाली उपासमार सुरू होते.

झाडू तोच, नाव 'स्वयंसेवक'

आता मुंबईकडे या. महापालिकेने कचरा उचलण्याचं काम संस्था आणि कंत्राटदारांकडे दिलं. झाडू तोच, गाडी तीच, रस्ता तोच आणि हात बहुतेक आपल्याच वस्त्यांतले. कागदावर मात्र कामगारांचे 'स्वयंसेवक' झाले आणि पगाराचं 'मानधन' झालं. स्वयंसेवकाला किमान वेतन कशाला? भविष्य निर्वाह निधी कशाला? बावन्न हक्कांचा खेळ एकविसाव्या शतकात पुन्हा मांडला गेला.

कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा खेळ उधळला. वर्षानुवर्षं हजेरीचे पुरावे जमवत, मोर्चे काढत, न्यायाधिकरणात तारखा लढवत संघटना टिकून राहिली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २७०० कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांचं 'मानधन' हेही ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं वेतनच आहे, असा निकाल दिला. अर्थ एकच. नाव काय दिलंय ते पाहू नका, काम कोण करतंय आणि कोणासाठी, ते पाहा.

आता काय करायचे

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. तिच्यातल्या खाचखळग्यांवर आपली नजर हवी. निरीक्षकाला आता 'सुलभकर्ता' हे नाव जोडलं आहे, आणि खटला भरण्याआधी त्याने मालकाला चूक सुधारायची संधी द्यायची आहे. भुरट्या चोराला अशी संधी कोणी देतं का? पण त्याच संहितेत आपल्या कामाची हत्यारंही आहेत आणि ती वापरली पाहिजेत. अनुसूचीतले धंदे आणि बाहेरचे धंदे हा भेद गेला. किमान वेतन आता सगळ्या रोजगारांना लागू आहे. पूर्वी दावा सहा महिन्यांत करावा लागे, आता तीन वर्षांपर्यंत करता येतो. फरकाच्या रकमेशिवाय दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. आणि पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

हिशेब करून बघा. समजा महिन्याला ३००० रुपये कमी मिळतात. तीन वर्षांचे १ लाख ८ हजार होतात. आपल्या घरातून एवढे पैसे गेले हे कळण्यासाठी आधी आकडा माहीत हवा. म्हणून पहिलं काम : आपल्या उद्योगाचा, आपल्या परिमंडळाचा आणि आपल्या श्रेणीचा, म्हणजे कुशल, अर्धकुशल की अकुशल, आजचा दर काढा. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून तो होतो. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात हा दर मिळतो. विहाराच्या फलकावर तो लिहून ठेवा, जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी.

दुसरं काम पुराव्याचं. रोजच्या हजेरीची वही घाला : आलो किती वाजता, सुटलो किती वाजता. जादा तासांना दुप्पट दर आहे, त्यामुळे बारा तासांच्या गार्डसाठी ही वही सोन्याची आहे. ओळखपत्राचा फोटो, ड्यूटीचे व्हॉट्सअॅप निरोप, बँकेचं पासबुक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक सगळं जपा. वेतनचिठ्ठी मागा, ती देणं बंधनकारक आहे. आणि एटीएम कार्ड कोणाच्याही हातात देऊ नका. गेलं असेल तर बँकेत जाऊन बंद करा आणि नवं घ्या. काम सरकारी किंवा पालिकेचं असेल तर कंत्राटाची प्रत माहिती अधिकारात मागवा. तुमच्या डोक्यामागे कंत्राटदार किती पैसे उचलतो ते त्यात दिसतं.

तिसरं, लेखी तक्रार. जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी यांच्या कार्यालयात ती द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर ज्याचं काम आहे तो मूळ मालक जबाबदार असतो. म्हणून तक्रारीत दोघांचीही नावं घाला. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. जातीच्या नावाने दाबून वेठ करून घेतली जात असेल तर अॅट्रॉसिटी कायद्यातही वेठीचं स्वतंत्र कलम आहे.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं : एकट्याने जाऊ नका. एकटा गेला की दुसऱ्या दिवशी गेटवर अडवला जातो. पाच जण, पन्नास जण मिळून जा, युनियनमार्फत जा. नोंदणीकृत युनियन सभासदाच्या वतीने दावा दाखल करू शकते. युनियनला जातीचं आंधळेपण असेल तर १९२८ ची आठवण द्या, पण बाहेर बसू नका.

आणि कंत्राटदार आपलाच असेल तर?

हा प्रश्न आम्हाला त्या रविवारी पडला, आणि तो लपवणं बरं नाही. सफाईची, हाउसकीपिंगची, सिक्युरिटीची कंत्राटं आता आपल्यातलेही काही लोक घेतात. ते जयंतीला मोठी वर्गणी देतात, मंडपावर त्यांचे फोटो लागतात. त्यांच्याकडे काम करणाऱ्या ताईचा पगार विचारायला आपली जीभ रेटत नाही. 'समाजाचा माणूस पुढे चाललाय, आडवं कशाला यायचं?' असं म्हटलं जातं. आम्ही विचारतो, ताई समाजाची नाही का? तिच्या कार्डातून काढलेल्या पैशांवर बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार चढणार असेल, तर तो हार कोणाचा?

आमच्या विहारात आता एक नियम केला आहे. कंत्राटदाराची वर्गणी घ्यायची असेल तर आधी त्याच्या कामगारांच्या वेतनचिठ्ठ्या बघायच्या. दोघांची वर्गणी परत गेली. मंडप या वेळी छोटा होईल. चालेल.

ताईंनी नवं कार्ड काढलं आहे. त्यांच्यासोबतच्या अकरा जणींनी मिळून तक्रार लिहिली आहे. मसुदा लिहिताना एकीने विचारलं, "यात 'वाटा घेतात' असं लिहू का?" ताई म्हणाल्या, "नाही. 'आमची मजुरी घेतात' असं लिही."

जयभीम!